घोटून आणलेला तंबाखू

पाइप ओढायला लागलो तेव्हा मी चौपन्न वर्षांचा होतो आणि तंबाखू सोडून मला सहा महिने झाले होते. हे वाक्य लिहितानाच ते कसं वाचलं जाईल ते मला दिसतं. तरी ते खरं आहे, म्हणून तसंच ठेवतो.

माझा धाकटा भाऊ पारशिवनीजवळ आमच्या गावी शेती पाहतो. गेल्या वर्षी त्याच्या डाव्या गालाचं ऑपरेशन झालं, जबड्याचा तुकडा काढावा लागला. कारण आमच्याकडे असतं तेच, खर्रा. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला ते पाटीवर घोटून देतो आणि माणूस ते दिवसभर गालात धरून ठेवतो. मी तीस वर्षं धरलं. भावाला पहिला खर्रा मीच दिला. मी कॉलेजसाठी नागपुरात होतो, दिवाळीला गावी गेलो होतो आणि त्याची दाढ दुखत होती. कालव्याच्या पाळीवर बसून मी माझ्या पुडीतला अर्धा त्याच्या हातावर ठेवला. म्हटलं, "धर गालात, ठणका थांबते." ठणका थांबला. पुढं दाढही पडली, खर्रा मात्र राहिला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, "दादा, तू सोडशीन तं मी सोडतो. तू खाल्ला का मीबी खाईन, सांगून ठेवतो."

मी हो म्हणालो. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की यानं पुन्हा तंबाखू तोंडात घातला तर दुसऱ्यांदा कापायला फारसं काही उरणार नाही. म्हणजे त्याचा जीव माझ्या तोंडावर अवलंबून होता. निदान मी तसं धरून चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर त्या समजुतीचा मला आधारही वाटत होता. आपण ज्याचं वाटोळं केलं त्याला आपणच सांभाळतो आहोत, असं काहीसं.

बायको दीड वर्षापासून पुण्याला मुलीकडे आहे. नात लहान आहे. "थोडी मोठी झाली की येते," असं ती म्हणते आणि मी "सावकाश ये" म्हणतो. मुलगी व्हिडिओ कॉल लावते, नातीच्या टाळूचं टोक दिसतं, मग छत दिसतं, मग "जेवलात का?" आणि संपलं. भाऊ दर रविवारी सकाळी फोन करायचा. त्याचं तोंड दोन बोटंच उघडतं, त्यामुळं निम्मं बोलणं मला कळायचं नाही. मीही पुन्हा पुन्हा विचारत नसे. "काय करून राहिला?" एवढं स्पष्ट यायचं, आणि तेवढं पुरायचं.

खर्रा सुटला, पण हात सुटला नाही. ऑफिसात फाइल चाळताना तो खिशाकडे जायचा. बडीशेप, लवंगा, ओवा सगळं करून पाहिलं. नागपुरात सदर भागात आमच्या ऑफिसपासून चार दुकानं सोडून अत्तरं आणि विदेशी तंबाखू विकणारं एक जुनं दुकान आहे. त्याच्या काचेत पाइप मांडलेले असतात. तीस वर्षं मी तिथून गेलो, कधी थांबलो नव्हतो. त्या दुपारी थांबलो. हे चावायचं नसतं, गालात धरायचं नसतं, मग हे ते नव्हे, असं मी काचेसमोर उभा राहून स्वतःला पटवत होतो. पटलं नव्हतं. तरी आत गेलो.

दुकानदार सत्तरीचा. त्यानं विचारलं, "पहले क्या पीते थे? सिगरेट?"

"खर्रा."

तो हसला. "फिर तो मुश्किल है भाऊ. खर्रेवाला आदमी पाइप पीत नाही, पाइप खातो."

त्याचं म्हणणं पहिल्याच आठवड्यात खरं ठरलं. मी पाइपची दांडी दाढेखाली धरून चावायचो. तोंडात लाळ सुटायची, ती दांडीतून खाली उतरायची आणि पाइप हुक्क्यासारखा गुडगुडायचा. मोबाइलवर एक दाढीवाला विदेशी माणूस शिकवायचा: तळाशी सैल भरा, वर जरा दाबा, ओढून पाहा, स्ट्रॉनं सरबत ओढल्याइतकाच अडथळा लागायला हवा. एकदा पेटवा, वरचा थर फुगून विझू द्या, हलकेच दाबा, पुन्हा पेटवा. धूर छातीत घ्यायचा नाही. आणि घाई करायची नाही. माझा पाइप पाच मिनिटांत विझायचा किंवा तापून हातात धरवायचा नाही, मधलं काही नव्हतंच. जीभ अशी पोळायची की संध्याकाळी वरणही झोंबायचं.

तंबाखू निवडणं हेही वेगळंच शिक्षण निघालं. दुकानदारानं आधी गोड दिला, व्हॅनिलाचा. "नए आदमी को मीठा," म्हणाला. डबा उघडला की बेकरीत शिरल्यासारखं वाटायचं, तोंडात मात्र नुसती वाफ आणि जळजळ. मग त्यानं लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या पानाचा दिला. त्याला पाणी मारून विझवलेल्या चुलीचा वास होता. तो ओढताना मला गोठ्यात डासांसाठी केलेला धूर आठवायचा आणि मी इतका उदास व्हायचो की अर्ध्यात पाइप खाली ठेवायचो. शिवाय कूलर चालू असलेल्या खोलीत डबा राहिला तर तंबाखू दमट व्हायचा आणि दुसऱ्या खोलीत ठेवला तर नागपूरच्या उन्हात दोन दिवसांत त्याचा चुरा. शेवटी मी तो बरणीत घालून माठाजवळ ठेवू लागलो.

पण वेळ जायचा. ऑफिसातून आलो की गॅलरीत खुर्ची टाकून तासभर भरणं, दाबणं, काडी, पुसणं. रिकाम्या घरात हाताला काम होतं. समोरच्या गॅलरीतल्या बाई कपडे काढायला आल्या की मी पाइप खुर्चीमागे घ्यायचो. त्यांना काय वाटेल याची भीती नव्हती. आपण लपवतो आहोत हे मला माहीत होतं, एवढंच.

दिवाळीच्या सुमारास दुकानदारानं तिसरा प्रकार दिला. पानं दाबून त्यांची वडी केलेली आणि वडीच्या पातळ चकत्या कापलेल्या. सुगंध घातलेला नव्हता. नुसता वास घेतला तर धानाची वाळलेली तणस आणि थोडे मनुके. हा माझा, असं मला तिथंच वाटलं. "हातावर मसलून भरा," तो म्हणाला.

मी घरी चकती हातावर चोळली. तिचे दोरे सुटले. ते भरले, पेटवले, विझले. पुन्हा तेच. खर्रा खाणाऱ्याच्या डोळ्याला ते दोरे फार जाड दिसत होते. आमच्याकडे तंबाखू नीट झाला की नाही हे बारीकपणावरून ठरतं आणि तो बारीक करणं हे घरातल्या माणसाचं काम नाही, ठेलेवाल्याचं आहे. ज्याला त्याला हे माहीत असतं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर त्या चकत्यांचं पाकीट घेऊन माझ्या जुन्या ठेल्यावर गेलो. किती साधी चूक होती, पण माझ्यासारखाच माणूस ती करू शकतो.

ठेलेवाला आमच्या शेजारच्या गावचा. मला पाहून तो म्हणाला, "ओहो दादा. मले वाटलं तुमची बदली झाली."

"इथंच आहे."

"मंग काहून दिसून नाही राहिले? दुसरा ठेला धरला का काय?"

बाजूला उभा असलेला एक जण म्हणाला, "ठेला नाही गा, डॉक्टर धरला असंल." दोघंही हसले, मीही.

मी पाकीट पुढं केलं. "हे घोटून दे. सुपारी नको, काही नको."

त्यानं नाकाजवळ नेलं. "हा कोनता माल व्हय? मनुक्यावानी वास येऊन राहिला. नुसताच घोटून काय करता?"

"लागतो मला."

पन्नी पाटीवर घासण्याचा तो आवाज मी नऊ-दहा महिन्यांनी ऐकत होतो. तोंडाला पाणी सुटलं. शेवटी त्याचं बोट सहज डबीत गेलं आणि पन्नीत उतरलं.

"अरे, चुना नाही सांगितला."

"हाताले सांगाव लागत नाही दादा. आन् चुन्याबिगर काय चढन हे?"

घरी येऊन मी तो पाइपात भरला. पिठासारखा झाला होता. एकच झुरका घेतला आणि दांडीतून सगळी पूड गरम गरम तोंडात आली. जीभ पोळली. थुंकायला बेसिनपाशी गेलो.

इथं मला थांबावंसं वाटतं, पण थांबत नाही. मी थुंकलो नाही. जिभेनं ती पूड गोळा करून आपणहून डाव्या गालात सारली, आणि चुन्याची ती ओळखीची धग लागली. नळ सुरू होता. मी आरशात न बघता दहा मिनिटं तरी तिथं उभा होतो. नंतर चूळ भरली, दोनदा ब्रश केला, पाकीट कचऱ्यात टाकलं. टाकल्यानं काय होणार होतं?

त्या रविवारी भावाचा फोन आला नाही. मी केला, त्यानं उचलला नाही. पुढच्या रविवारीही तेच. मग त्याच्या बायकोचा मेसेज आला. ती माझ्याशी समोरासमोर कधी बोलत नाही, डोक्यावर पदर घेऊन चहा ठेवते आणि आत जाते. मेसेज एवढाच होता, "ते फोनवर बोलत नाही म्हणतात. तुम्ही या."

मला सगळं कळल्यासारखं झालं. ठेलेवाला बाजाराच्या दिवशी गावी जातो. त्यानं सांगितलं असणार, दादा आले होते. आणि मी खाल्ला तर तोही खाणार होता.

गाडी काढली. कन्हानच्या पुलापर्यंत मी खोटं बोलायची तयारी करत होतो. ऑफिसातल्या कोणासाठी घोटून नेला, असं. पुलावर ट्रकमागे अडकलो तेव्हा ते मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि माझं मलाच ऐकवेना.

भाऊ अंगणात बाजेवर बसला होता. धानाची कापणी चालली होती, पण तो घरीच होता. मी आधी त्याच्या गालाकडे पाहिलं, फुगलाय का ते. तो गाल आत गेलेलाच होता.

"पाह्यतो काय?" तो म्हणाला. "उघडत नाही तोंड, नाही तं दाखवलं असतं."

मी समोर बसलो. तो म्हणाला, "ठेल्यावर गेला होतास म्हणे."

मी सगळं सांगितलं. दुकान, पाइप, चकत्या, चुना, आणि बेसिनपाशी उभा राहिलो तेही. बोलायला बराच वेळ लागला. चहा आला, निवला. पाइपचं ऐकून त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू हसली. "साहेब झाला का गा तू? तोंडात ते धरून कसा दिसत असशीन."

"तू खाल्लास का?" मी विचारलं.

"मी काहून खाऊ?"

"तू म्हणाला होतास ना. मी खाल्ला तर तूही."

त्यानं निवलेला चहा बाजूला सारला. मग एकेक शब्द सावकाश, मला कळेल असा बोलला. "ते तुह्यासाठी म्हटलं होतं दादा. मले तं सोडाच लागत होतं, मी कापल्यावर कशाले खातो? तू ऐकणारा नोहतास. तू हसला का तुह्या गालात पांढरं दिसे मले, माह्या गालात आधी होतं तसंच. म्हटलं, माह्या नावानं तरी सोडन."

"मग फोन का नाही केलास?"

"केला असता तं तू खोटं बोलला असतास. मले ते ऐकाचं नोहतं."

तो रागावेल, पाइप फेकून दे म्हणेल, अशी माझी अपेक्षा होती. तो तसं काही म्हणाला नाही. "तू पाह्य आता तुह्यं," म्हणाला आणि कापणीवर कोण कोण आलंय ते सांगू लागला. तो ठीक होता, आणि ते माझ्यामुळं नव्हतं. इतके महिने मी ज्याला धरून ठेवलं होतं असं समजत होतो, त्यानंच मला धरलं होतं. परतीच्या वाटेवर मला हलकं वाटायला हवं होतं. उलट असं वाटलं की माझ्याकडून कोणाला काहीच नको आहे, माझा अपराधसुद्धा नको आहे.

घरी आल्यावर मोबाइलचा दिवा लावून आरशासमोर तोंड उघडलं. डाव्या गालात आत, नखाएवढा पांढरा डाग होता. किती वर्षांचा, देव जाणे.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. भावाला फोन करून सांगितलं होतं, तो सोबत येतो म्हणाला, मी नको म्हटलं, कापणी होती. दवाखान्यात डॉक्टर तरुण होती, माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी. तिनं काडीनं गाल बाजूला सारून बराच वेळ पाहिलं, एक तुकडा तपासायला घ्यावा लागेल म्हणाली, आणि कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "तंबाखू कधीपासून बंद आहे, काका?"

उत्तर तयार होतं. इतके महिने मी ते सगळ्यांना देत आलो होतो.

"बंद नाही," मी म्हणालो.

तिनं मान वर केली, 'बंद' असं लिहिलं होतं ते खोडलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "बरं," ती म्हणाली. "मग सांगा."