वळणावरचा केशरी दगड

कसबा पेठेत वाढलेल्या माणसाला काटकसर शिकवावी लागत नाही. बहुधा म्हणूनच महापालिकेतल्या आमच्या साहेबांनी ओढ्याचं काम माझ्या गळ्यात मारलं. उपनगरातल्या दोन सोसायट्यांमधला हा ओढा लोकांनी राडारोडा टाकून पार बुजवला होता. तो मोकळा करून काठ दगडांनी बांधायचे होते. साहेबांनी बजावलं होतं, "अंदाजपत्रकाच्या वर एक रुपया गेला, तर ओढा पाइपात आणि वरून रस्ता." साहेब बोलतात तसं करतात. मला धास्तीच बसली, कारण एव्हाना त्या ओढ्यावर माझा जीव जडला होता.

खाणीतून दगड आणणं परवडेना. पण गाळ उपसताना ओढ्याच्याच पोटातून चांगले काळे दगड निघत होते. ते राडारोड्याच्या गाडीत जाऊ नयेत म्हणून मी त्यांच्यावर खुणा केल्या. त्यासाठी रंग विकत कशाला आणायचा? घरचं फाटक रंगवून उरलेला केशरी ऑइलपेंट होता, तोच टर्पेंटाइन घालून पुरवला. सगळ्यात मोठा दगड वळणावर बसवायचा होता, काठ तिथंच ढासळत होता. तो मात्र अख्खाच रंगवला.

सकाळी जाऊन पाहते, तर त्याला झेंडूचा हार आणि पुढे फोडलेला नारळ. मजूर चपला काढून उभे.

"मॅडम, आता ह्याला हात लावायचा नाय," मुकादम म्हणाला.

म्हणजे खाणीतून दुसरा दगड, म्हणजे साहेब, म्हणजे पाइप. फुकटच्या रंगापायी मी ओढाच घालवला होता. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

हार घातला होता समोरच्या सोसायटीतल्या आजींनी. धीर करून त्यांच्याकडे गेले आणि सांगून टाकलं, "आजी, तो शेंदूर नाही हो. ऑइलपेंट आहे. मीच लावलाय."

"ठाऊक आहे. गॅलरीतून बघत होते. डबा उघडाच टाकून गेलात, झाकण मी लावलं."

"मग हार कशाला?"

"राडारोड्याचे टेम्पो इथंच रिकामे होतात. पाटी लावली, तर पाटीच चोरीला गेली. आता देवासमोर टाका म्हणावं."

मी चाचरत वळणाचं विचारलं.

"तिथं तर जास्तच टाकतात. बसवा की."

आजी खाली आल्या आणि मुकादमाला म्हणाल्या, "देवाला पाण्याजवळ बसायचंय." हे त्यांना कसं कळलं, असं कुणीही विचारलं नाही. क्रेनही लागली नाही. मजुरांनी जयजयकार करत दगड पहारींनी सरकवत वळणावर नेऊन बसवला आणि त्यानं काठ धरला.

जाताना आजींनी मला थांबवलं. "आणखी एक हात द्या. रंगात कंजुषी केलीत तुम्ही."

दुसरा डबा मी नवा आणला, पदरच्या पैशांनी.