महालक्ष्म्यांआधीची फवारणी

मार्चच्या दहावीत मी शास्त्रात नापास झाले. बाकीचे सगळे विषय निघाले, शास्त्राला चार मार्क कमी पडले. त्या पेपरातलं एक उत्तर मला अजून शब्दाशब्दानं आठवतं. 'तुमच्या परिसरातील प्रदूषणाची कारणे व उपाय लिहा,' असा प्रश्न होता. मी लिहिलं, 'आमच्या परिसरात प्रदूषण नाही. त्यामुळे उपायांची गरज पडत नाही.' आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

मी चेष्टा केली नव्हती. धड्यात कारखान्याच्या धुराड्यांचं चित्र होतं, मोटारींची रांग होती, नदीत सोडलेलं काळं पाणी होतं. बोरीपासून दीड कोस आत असलेल्या आमच्या गावात यातलं काहीच नव्हतं. मला वाटायचं, आधी गावाला डांबरी सडक येते, मग लाईट येते, आणि त्याच्या नंतर कधीतरी प्रदूषण येतं. लाईट तेवढी आली होती. बाकीच्याला अजून वेळ होता.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलं नव्हतं. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. निकालाच्या दिवशी दादा रागावले नाहीत. संध्याकाळी बैलांना वैरण टाकता टाकता त्यांनी आपला निर्णय सांगितला.

"आक्टोबरला आनखी एक डाव बस. निघालीस तर परभणीला कॉलेजात घालतो. न्हाई निघालीस तर आत्यानं पाहुणा बघून ठिवलाय, त्याला हो म्हनायचं. मग मला काय बोलायचं न्हाई."

म्हणजे पुढचं सगळं त्या एका विषयावर येऊन थांबलं. आणि त्या विषयातला मला सगळ्यात कमी कळणारा धडा प्रदूषणाचा होता.

दर रविवारी मी बोरीला सरांच्या घरी जायचे. सर शास्त्र शिकवायचे. ते मूळचे पालमकडचे, एकटेच राहायचे, स्वयंपाक हातानं करायचे. शिकवणीचं ते काही घेत नसत, म्हणून माय माझ्याजवळ चार अंडी द्यायची, भुश्यात घालून, डब्यात. मी मार्चचं उत्तर सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, असं कुणी लिहितं का? पिठाची गिरणी लिहायची. लग्नातला लाऊडस्पीकर लिहायचा. काहीतरी लिहायचं."

"पण सर, गिरणी तर सगळ्यांना पाहिजे हाय."

"पाहिजे असलं म्हणून काय झालं? आवाज करती ना?"

मला ते पटलं की नाही, सांगता येत नाही. घरी येऊन मी धडा पाठ करायला घेतला. त्यात डीडीटीचा एक परिच्छेद होता. डीडीटीचे विघटन लवकर होत नाही. ते पाण्यातल्या प्लवकांत जातं, प्लवक लहान मासे खातात, त्यांना मोठे मासे, त्यांना पक्षी, आणि प्रत्येक पायरीला विष वाढत जातं. प्लवक म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मासे खाणारा पक्षी मी फक्त चित्रात पाहिला होता. आणि हे वाक्यसुद्धा मी चुकीचं पाठ केलं होतं, कारण प्लवक मासे खातात असं मी तीन दिवस म्हणत होते. मासे प्लवकांना खातात, हे चौथ्या दिवशी लक्षात आलं. न बघितलेल्या गोष्टींचं असंच होतं. कोण कुणाला खातं, तेही उलटं झालं तरी जिभेला कळत नाही.

भादव्यात महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या होत्या. आमच्याकडे लक्ष्म्या बसायच्या आधी घराच्या सगळ्या भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा देतात. माती भिजत घातली होती, उतरंडी अंगणात काढून ठेवल्या होत्या, आणि त्याच दिवशी सकाळी मच्छर मारणारे सरकारी फवारणीवाले गावात आले. दोघं होते, खाकी कपडे, तोंडाला रुमाल. एक जण बादलीतला पंप हलवायचा आणि दुसरा लांब नळीनं भिंतीवर फवारा मारत जायचा.

माय दारात आडवी उभी राहिली. "भाऊ, आठ दिस थांबा की. लक्ष्म्या उठल्यावर या."

"मावशी, मच्छराला सांगा मग थांब म्हणून. तो थांबला तर आमी पण थांबताव."

"आन् देवाच्या खोलीत मारायलाव व्हय?"

"देवाला मच्छर चावत न्हाई का?" नळीवाला हसत म्हणाला. पण मुखवट्यांच्या कोनाड्यावर त्यानं स्वतःच्या हातानं गोणपाट धरलं आणि मगच फवारा मारला.

माझं लक्ष पहिल्यांदाच त्यांच्या डब्याकडे गेलं. वर मोठ्या अक्षरांत डीडीटी लिहिलं होतं. आजवर पुस्तकात होती ती गोष्ट आमच्या ओसरीत येऊन बसली होती. मी वही घेऊन त्यांच्या मागं मागं फिरायला लागले.

"काका, हे भिंतीवरून कुठं जातं?"

"कुठं जातंय? इथंच ऱ्हातं. तीन महिने. म्हणून तर मारायचं. मच्छर भिंतीवर बसला की खलास."

"आन् माणसाला?"

"मी धा वर्षं झाली मारायलाव. दिसतो ना तुला उभा?" मग मायकडे वळून त्यानं ताकीद दिली. "मावशी, भिंतीला हात लावायचा न्हाई. पोतारा न्हाई, सारवण न्हाई. न्हाई तर आमचं काम पाण्यात."

दाराच्या चौकटीवर खडूनं तारीख घालून ते पुढच्या घराकडे गेले.

माय दोन दिवस थांबली. तिसऱ्या दिवशी तिनं मातीची घमेली उचलून आणली. भिंतींवर पांढरट ओघळ वाळले होते, घरभर उग्र वास होता. "असल्या घरात लक्ष्म्या बसवू व्हय? धर ते फडकं."

हे दरवर्षीचंच होतं. फवारणी झाली की दोन-चार दिवसांत सगळ्या गावातल्या बायका भिंती सारवून टाकायच्या. मीही टाकत आले होते, काही विचार न करता. त्या दिवशी माझा हात पहिल्यांदा थांबला. फवारणीवाला म्हणत होता, पुसू नका. माय म्हणत होती, पूस. पुस्तक म्हणत होतं की हे विष आहे, पण पुसावं की ठेवावं, ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. आदल्या वर्षी दादांना थंडीताप आला होता. दवाखान्याच्या माणसानं काचेवर रक्ताचा थेंब घेतला होता, आणि त्या कडू गोळ्या गिळताना दादांचं झालेलं तोंड मला आठवत होतं. तो ताप याच मच्छरांचा. मग विष कोणतं आणि औषध कोणतं? मला खरंच कळेना.

"माय, झोपायची खोली ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "लक्ष्म्या तर ओसरीत बसायल्यात."

"का?"

"दादाला परत ताप येईल."

तिनं मातीत फडकं बुडवलं. "बरं," म्हणाली. मी युरियाच्या पिशवीचं आतलं प्लास्टिक हातांना बांधलं तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. "लय शिकली गं बाई माही लेक. भिंतीला शिवायला मोजे घालायली."

ओसरीला पोतारा देताना खाली झुरळं पडलेली दिसली. उताणी पडून पाय हलवत होती. आमच्या तांबड्या कोंबडीला मेजवानी मिळाली होती. तिनं एक टिपलं, दुसरं टिपलं, चौकटीमागं जाऊन तिसरं काढलं. मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. भिंत, झुरळ, कोंबडी. आणि कोंबडीच्या पुढं काय, ते मला त्याच क्षणी समजलं. अंडं. अंड्याच्या पुढं डबा, आणि डब्याच्या पुढं सर.

त्या रविवारी मी अंडी नेली नाहीत. मायला म्हणाले, कोंबडी खुडूक बसलीय. पण ही थाप किती दिवस पुरणार? मग मी कोंबडीवर लक्ष ठेवायला लागले. ती झोकांड्या खाते का, दाणे कमी खाते का. अंड्यांची कवचं पातळ होतात असं धड्यात होतं, म्हणून फवारणीच्या आधीचं एक अंडं आणि नंतरचं एक अंडं घेऊन मी अंगठ्यानं दाबून बघत होते. दोन्ही सारखीच लागत होती.

"त्या कोंबडीकडं काय बगायलीस सारखी?" माय ओरडली. "तिचा इम्तिहान हाय का तुहा?"

दुसऱ्या रविवारी मायनं स्वतः डबा हातात दिला. सरांच्या घरी पोचल्यावर मी तो दाराबाहेरच ठेवला आणि आत जाऊन कशीबशी म्हणाले, "सर, तुमी आमची अंडी खाऊ नका."

सर स्टोव्हला पंप मारत होते. ते थांबले. "का? नासलीत का?"

मी वहीतलं पान उघडून दाखवलं. भिंत, मग बाण, झुरळ, मग बाण, कोंबडी, मग बाण, अंडं. शेवटी काय लिहावं ते न सुचून मी तिथं 'सर' असंच लिहिलं होतं.

सर आधी मोठ्यानं हसले. मग त्यांनी पान जवळ घेतलं आणि बराच वेळ बघितलं. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. कोंबडीनं झुरळं खाल्ली ते मी बघितलं."

"मरतो का काय मी आता?"

"न्हाई सर. म्हणजे मला माहीत न्हाई."

"मलापण माहीत न्हाई," सर म्हणाले. सर असं म्हणू शकतात, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. किती अंडी खाल्ल्यावर किती विष जातं, झुरळात किती असतं, कोंबडी काही बाहेर टाकते का, असे माझे प्रश्न त्यांनी ऐकून घेतले आणि एकाचंही उत्तर दिलं नाही. पण शेवटी बजावलं, "परीक्षेत मासे आणि पक्षीच लिही. तपासणारा माणूस पुस्तक बघून मार्क देतो. कोंबडी लिहिलीस आणि त्यानं काट मारली तर तुझं वर्ष जाईल. फक्त वर्ष न्हाई, तुला माहीत हाय."

मला माहीत होतं.

परीक्षेचं केंद्र जिंतूरला होतं. एसटीच्या खिडकीतून भिंतींवरच्या विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा दिसत होत्या, बाजूच्या आणि विरोधाच्याही, एकीवर एक रंगवलेल्या. माझ्या मनात मात्र प्लवक, लहान मासे, मोठे मासे चाललं होतं. कोण कुणाला खातं, ते आता पक्कं झालं होतं.

पेपरात टीप आली: डीडीटीचे अन्नसाखळीवरील परिणाम. मी सरांनी सांगितलं तसं लिहिलं. मासे लिहिले, पक्षी लिहिले, चौकटीत आकृती काढली. सगळा पेपर लिहून झाला तेव्हा दहा मिनिटं उरली होती. मी त्या टिपेवर परत आले. खाली चार ओळी मोकळ्या होत्या. पेन टेकवलं आणि उचललं. हे लिहून आधीचे मार्क गेले तर? खूप वेळ वाटला, पण दोनेक मिनिटंच गेली असतील. मग मी लहान अक्षरात लिहिलं, 'घराच्या भिंतीवर डीडीटी फवारल्यावर मेलेली झुरळे कोंबडी खाते. त्यामुळे ते अंड्यातही जात असावे. मी झुरळे खाताना पाहिले आहे. अंड्याबद्दल मला खात्री नाही.' वाचून बघितलं. काट मारावी असं वाटलं, तेवढ्यात घंटा झाली आणि पर्यवेक्षकांनी पेपर ओढून घेतला.

निकाल लागेपर्यंत मी कुणाशी त्या चार ओळींबद्दल बोलले नाही. आत्या दोनदा येऊन गेली. पाहुणा थांबायला तयार होता, पण फार दिवस नाही, असं ती म्हणाली. शेवटी शाळेत गुणपत्रिका आल्या. शास्त्राला एकेचाळीस. त्या ओळींना काही मिळालं की नुसतीच त्यांच्याखाली लाल रेघ आली, ते कळायला वाट नव्हती. शाळेतल्या कारकुनाला मी विचारलं, तपासलेला पेपर बघायला मिळतो का? तो म्हणाला, "पास झालीस ना? मग कशाला उकरतीस?"

दादांनी आत्याला नकाराचा निरोप धाडला, आणि जूनमध्ये ते मला परभणीला सोडायला आले. एसटीत ट्रंक पायाशी घेऊन बसले होते. खिडकीबाहेर कापसाची लागवड चालली होती. मधेच म्हणाले, "आपुन कापसावर फवारा मारतो. अळी मरती. मग ते आवषध कुठं जातं गं?"

मी आजवर त्यांच्याकडून असा प्रश्न ऐकला नव्हता. मी म्हणाले, "मला माहीत न्हाई, दादा. कॉलेजात विचारते."

"इचार," ते म्हणाले. थोड्या वेळानं आवाज कमी करून पुढं म्हणाले, "पर मास्तर चिडला तर बापानं इचारलंय म्हनून सांगू नको."