साडेसात चमचे

“अर्धा, पण किती वेळा?” आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई हे कुणालाही विचारायच्या, आणि विचारताना चष्म्यावरून अशा बघायच्या की समोरच्याला खरं बोलावंच लागे. मी मराठी शिकवायचो. डब्याच्या सुट्टीत मी अर्धीच भाकर घेतली म्हणून मिरवत असलो की शेजारून आवाज यायचा, “ही तिसरी अर्धी, सर. दीड झाली.”

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. जेवताना आपण त्यांच्यापासून जरा लांबच बसतो.

सहावीला अपूर्णांकांचा गुणाकार शिकवताना बाई पुस्तक क्वचितच उघडायच्या. “घरात ‘थोडंसंच’ म्हणून कोण किती खातं, बघून या,” असा गृहपाठ द्यायच्या. एकदा एका आजीच्या उपासाची भगर अर्धी-अर्धी वाटी करत पाच वेळा निघाली. आजी भांडायला थेट शाळेत आल्या. बाईंनी त्यांना खुर्ची दिली. “आजी, अडीच वाट्यांनी उपास मोडत न्हाई. पोरांचं गणित तेवढं पक्कं झालं.” आजी हसत परत गेल्या.

आमच्या हेडसरांवर पाळी आली तेव्हा त्यांना मात्र हसू आलं नाही. त्यांना साखरेचा आजार होता. पायाची जखम भरत नव्हती, परभणीच्या डॉक्टरांनी दम दिला होता. “मी आता अर्धाच कप घ्यायलोय,” असं ते सगळ्यांना सांगायचे, घरीसुद्धा. एके दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं : कपाला दीड चमचा साखर. एक माणूस अर्धा कप चहा दिवसातून आठ वेळा पितो. तर साखर किती?

चहाच्या हॉटेलवाल्याची मुलगी उठली. “बाई, आठ न्हाई. हेडसर धा येळा येतेत.”

वर्गात हसू फुटलं. आणि हेडसर नेमके व्हरांड्यात.

“माझी अब्रू काढायलाव का, बाई?” मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत कडाडले. आम्ही सगळे खाली माना घालून बसलो.

“मी नाव घेतलं का, सर?” बाई शांतपणे म्हणाल्या. “साडेसात चमचे झाले.”

“साडेसातीच लागली म्हणा की!”

“ती पायाला लागलीय, सर. पट्टी रोज बदलायलाव, जखम हाय तशीच.”

समोरचा चहाचा कप सरांनी हळूच बाजूला सरकवला. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी स्वतःचाही चहा बिनसाखरेचा केला. दर घोटाला त्या असं तोंड करायच्या की सरांना आपला बिनसाखरेचा कप हसत हसत संपवावा लागे. थंडी सरता सरता जखम भरली.

पण सरांनी उट्टं काढलंच. परभणीहून येणाऱ्या ऑटोमुळे बाईंना रोज पाव तास उशीर व्हायचा. “पाव गुणिले सहा, बाई?” सरांनी सगळ्यांदेखत विचारलं.

“दीड, सर.”

“मग शनिवारी दीड तास जास्ती थांबा.”

बाई थांबल्या. त्यांच्याबरोबर अख्खी सहावी हौसेनं थांबली. शिपाईमामा कुलूप हातात घेऊन फाटकात ताटकळले आणि सरांनाही घरी जाता येईना.

गेल्या उन्हाळ्यात बाईंची बदली जिंतूरकडे झाली. फाट्यावर आम्ही सगळे पोचवायला गेलो. सर भाषण ठरवून आले होते, पण एस.टी. लवकर आली. बाई खिडकीत बसल्या. आत कंडक्टर म्हणाला, “जिंतूर? एक अर्धं.”

“अर्धं कशाला?” सर खालून ओरडले. “पुरं फाडा! आमच्या बाई पुऱ्या हायेत.”

“सर, लेडीजला अर्धंच असतंय,” कंडक्टर म्हणाला.

घंटी वाजली, गाडी हलली. सर खिडकीला धरून चालत चालत त्याला समजावतच होते.