गावातल्याच आहेत

ऑफिसात माझं आडनाव कधी कुणाला खटकलं नाही. आमच्या तालुक्यात ते हिंदूंचंही आहे, ख्रिश्चनांचंही. शहरात उस्मानपुऱ्यात खोली घेताना मालकिणीनं धर्म विचारला नाही, मी सांगितला नाही. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मनाला बजावत आलो.

खोटं बोललो ते बारा वर्षांपूर्वी, आमच्याच गावात.

गावात दोन जुनी चर्चं आहेत. त्यातल्या एका चर्चमधल्या माउलीच्या, येशूच्या आईच्या, यात्रेला सगळ्या धर्मांची माणसं नवस फेडायला येतात. ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या मित्राच्या बायकोचा नवस होता. "तुझंच गाव ना? चल," म्हणाला. घरी आता कुणी नसतं, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. आणि आईला, की यंदा सुट्टी नाही. ती दरवर्षी चर्चच्या फाटकापाशी गोणपाट टाकून मेणबत्त्या विकते. मागच्या दारानं जाऊ म्हटलं, पण गर्दीनं रेटत नेमकं तिच्याच पुढ्यात नेलं.

आईनं वर पाहिलं आणि हसली.

"ओळखीच्या का रे?" मित्रानं विचारलं.

"गावातल्याच आहेत."

आईनं पदर सारखा केला. "व्हय, गावातलीच मी. घ्या साहेब, मेणबत्ती. वारा लई हाये, हात आडवा धरा."

साहेब ती मला म्हणाली. मी हात आडवा धरून आत गेलो.

पुढं तिनं विषय काढला नाही. फोनवर तेच, "जेवला का रं?" मी कबुलीला गुडघे टेकायचो, तेव्हा फादरना मोडलेले उपास सांगायचो. हे कधीच नाही.

यंदा त्याच मित्राला मीच म्हणालो, चल. आईला आता धड दिसत नाही. मित्राचा शहरी आवाज ऐकला, माझी चाहूल लागली, तशी ती सावरून बसली.

"या साहेब. मेणबत्ती घ्या."

इतकी वर्षं ती माझं खोटं सांभाळत होती. मी गोणपाटावर तिच्याजवळ बसलो. "आई, मी हाय."

"ह्या तुझ्या आई?" मित्र बघतच राहिला.

"व्हय," मी म्हणालो. त्याच्यासमोर गावाकडचा हा शब्द पहिल्यांदाच निघाला.

आईनं माझा गुडघा चाचपला. "आरं हळू बोल," पुटपुटली, "साहेब ऐकतेत."

तिला अजून भीती होती, ती माझ्यासाठी.

"ऐकू दे," मी म्हणालो.

तिनं मेणबत्त्यांचा पुडा माझ्याकडं सरकवला. मग म्हणाली, "मग बसला काय नुसता? पुडा फोड. गिऱ्हाईक उभं हाये."