मंगलाबाईच्या हाती सुकाणू

सुरतच्या डिंडोलीत आम्ही पाच बायका दुपारी मंगलाबाईच्या गॅलरीत बसून साड्यांचे सुटे धागे कापतो. बाकीच्या चौघी खानदेशातल्या, मी एकटी जालन्याची. दर हिवाळ्यात आमची सहल ठरते आणि ती देवदर्शनाचीच असते. यंदा मंगलाबाई मला म्हणाली, "लीला, देव दरसाल भेटतो. माले तापी समुद्राला मिळते ती जागा पाहायची शे."

तिचं माहेर शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी. वडील राघो भोई लोकांना नावेतून पलीकडे सोडायचे. अकरा वर्षांची असल्यापासून तीही हातात बांबू घेऊन नाव ढकलायची. पुढे पूल झाला, नाव काठावर पालथी पडली. मंगलाबाई लग्न होऊन सुरतला आली. चाळीस वर्षं त्याच नदीच्या गावात राहिली, पण पुन्हा नावेत काही बसली नाही.

तिच्या लेकीनं, चंचलनं, मोबाइलवर शोधून एक शिडाची यॉट अर्ध्या दिवसासाठी ठरवली. कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आम्ही सकाळी निघालो. बोट चालवणारा प्रवीणभाई तिशीतला, गोड बोलणारा माणूस. मशीन सुरू करून तो ओहोटीबरोबर मुखाकडे निघाला. उजवीकडे हजीऱ्याच्या चिमण्या, डावीकडे डुमसचा किनारा. आम्ही फोटो काढत होतो. मंगलाबाई एकटी पुढं उभी राहून पाणी बघत होती.

"भाऊ, डावीकडे घ्या," ती एकदम म्हणाली. "आठे पाणी उथळ शे."

"मासी, मशीन बतावे छे, पाणी घणुं छे," प्रवीणभाई खोली मोजणाऱ्या यंत्रावरचा भरपूर पाण्याचा आकडा दाखवत हसून म्हणाला.

पाचच मिनिटांत खालून जड घसटल्यासारखा आवाज झाला आणि बोट थांबली. पुढं-मागं करून पाहिलं, हलेना. बघता बघता पाणी ओसरलं आणि बोट एका कुशीवर कलली. आमच्यातली सुमनबाई रडायलाच लागली.

मंगलाबाईनं तिला जवळ बसवलं. "उगी राह्य व माय. नाव रुतनी म्हणजे बुडनी नही. भरती येईल, आपण उठू."

प्रवीणभाईचा चेहरा पार उतरला होता. तो माफी मागायला आला, तर तिनं त्याच्या हातात भाकरीच ठेवली. "खा. वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, तुझा काय दोष? मना बापसुद्धा रुतवायचा."

"पण तुम्हाला कळलं कसं?" त्यानं विचारलं.

"खाली वाळू वर आली की पाण्यावर बारीक चुण्या पडतात. इस्त्री न केलेल्या साडीसारख्या."

चार तास आम्ही तिरप्या बोटीत एकमेकींच्या अंगावर घसरत बसलो. सुमनबाईसुद्धा हसून हसून दमली. मग भरती आली, बोट हळूच सरळ झाली. समुद्रावरून वारा सुटला होता. उशीर झाला म्हणून प्रवीणभाईनं बोट परतीला वळवली, मशीन बंद करून शीड सोडलं आणि सुकाणूचा दांडा मंगलाबाईपुढं केला. "मासी, तमे चलावो."

ती आधी नको नको म्हणाली. मग चपला काढल्या, पदर खोचला आणि दांडा धरला. बोट दोनदा भलतीकडे वळली, नंतर सरळ चालू लागली. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय. जवळ जाऊन ऐकलं, तर नावेतल्या लोकांना खाली बसवणाऱ्या बापासारखी ती हाकारत होती, "बठा व माय, बठा. नाव हालस."

वीस वर्षं मी तिच्याशेजारी बसते. कात्रीवर वाकलेली तिची मान तेवढी मला ठाऊक होती. ही ताठ उभी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

धक्क्याला लागलो तेव्हा तिला उतरावंसं वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी खांदे असे धरले की कात्री उचलवेना. मी तिच्या खांद्याला बाम चोळत म्हटलं, "एवढं करून समुद्र राहिलाच की गं."

"त्याले घाई नही," ती म्हणाली, आणि चंचलला हाक मारून पुढच्या पौर्णिमेच्या भरतीची वेळ बघायला सांगितली.