आयदर ऑर सर्व्हायव्हर

वडील परळीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले, तेव्हा मी नुकताच बी.कॉम. झालो होतो. खुल्या अर्थव्यवस्थेविषयी रोज वर्तमानपत्रांत वाचत असल्यामुळे बँकेतले सगळे आपल्याला कळते, असा माझा समज होता. निवृत्तीची रक्कम ठेवायला आम्ही तिघे नेकनूरहून बसने बीडला गेलो. खात्यावर आईचेही नाव हवे, असा वडिलांचा आग्रह होता.

क्लार्कने विचारले, "आयदर ऑर सर्व्हायव्हर ना?"

"म्हंजी काय?" आईने मला विचारले.

"दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकतं," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. "एक जण मेला, तर सगळे पैसे मागं राहिलेल्याचे."

आमच्या घरी कुंकू संपले तरी ‘वाढले’ म्हणत. फुटलेल्या बांगडीलाही तोच शब्द. त्या घरात लहानाचा मोठा झालेला मी, भर बँकेत, वडिलांच्या देखत हे बोललो. आईने पेन टेबलावर ठेवले.

"असल्या कागदावर मी सही करणार न्हाई," म्हणत ती बाहेर पायरीवर जाऊन बसली.

"राहू द्या आईचं नाव. मी आहेच की," मी वडिलांना म्हणालो.

"तू हायस म्हणूनच," ते शांतपणे म्हणाले. "उद्या तिला तुझ्यापुढं हात पसरावा लागू नये."

ते मला लागले. आईला मी कधी नाही म्हटले नसते, याची मला खात्री होती. पण तिला मागावे लागले असते, हे माझ्या मनाला शिवलेही नव्हते. आज त्या खात्रीचीच मला अधिक लाज वाटते.

वडील बाहेर जाऊन तिच्याशेजारी बसले. मी दारातच घुटमळलो.

"अगं, मला न इचारता तुला पैसे काढता येतील, एवढंच हाय त्यात."

"आन् ते दुसरं?"

"ते बँकेचं. ऱ्हाऊ दे त्यांच्यापाशी."

"न इचारता?"

"न इचारता."

"आन् भांडण झालं आसंल तर?"

"तवा तर लईच कामाला येईल."

आई हसू दाबत उठली. आत येऊन तिने एकेक अक्षर जुळवत सही केली. मग क्लार्कला तिनेच विचारले, "भाऊ, पैसे काढायची चिठ्ठी कुठं मिळती?" त्याने एक दिली. तिने आणखी एक मागून घेतली आणि दोन्हींची घडी करून पिशवीत ठेवली.

"आजच काढतीस का काय?" वडिलांनी विचारले.

"ते तुमाला कशाला सांगू?"