बाप्तिस्मा न झालेला मुलगा

"बाप्तिस्मा झाला होता का?"

पाळकसाहेबांनी एवढंच विचारलं. कबरस्तानाचं फाटक बंद. माझा नवरा फाटकासमोर उभा, हातात टॉवेलात गुंडाळलेलं आमचं बाळ. जन्मून आठवडाही झाला नव्हता. सरकारी दवाखान्यातून आम्ही सरळ इकडेच आलो होतो.

नवरा म्हणाला, "साहेब, वेळच मिळाला नाय."

"मग आत घेता येणार नाही. आपल्या मंडळीचा विश्वास तसा आहे."

शेजारी मंडळीचे मोठे पंच उभे होते. फाटकाची चावी त्यांच्या हातात. माझ्याकडे बघून बोलले, "हिच्या सभेत लहान मुलांना बाप्तिस्मा देतच नाहीत. तिकडेच न्या."

माझं माहेर तळ्याकडच्या आदिवासी वाडीवर. आमची सभा एका घराच्या पडवीत भरायची. आमच्यात माणूस मोठं झालं, त्याचं त्याला कळलं, की नदीत बुडवून बाप्तिस्मा. लग्न करून उरणला आले ती नवऱ्याच्या मंडळीत. इथे तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडतात. बायबल दोन्हीकडे एकच. येशूही एकच.

तिथूनच मी माहेरी फोन लावला. सभेचे पुढारी म्हणाले, "बहिणी, तू आता तिकडची. आम्ही मधे कसं पडणार?"

नवऱ्याने पंचांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतला.

शेवटी मिठागरापलीकडे, खाडीच्या बांधावर पुरलं. तिथे मेलेली जनावरं टाकतात. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून नवऱ्याने वर दगड रचले. प्रार्थना कोणी केली नाही. मला शब्दच आठवेनात. ब्लाउज दुधाने भिजलेला. घरी येऊन ते दूध मी मोरीत पिळून टाकलं.

पुढे कितीतरी महिने मी स्वतःलाच दोष देत राहिले. नियम म्हणजे नियम, असंच वाटायचं.

मग गुड फ्रायडेच्या आधी आम्ही बायका कबरस्तान झाडायला गेलो. मोठ्या पंचांच्या आईची संगमरवरी कबर आहे. सासूने मला तिथे थांबवलं आणि हळूच म्हणाली, "हितं दोघं हायत. पंचांच्या सुनेला मेलेलं पोर झालं, ते पण हितंच."

"त्याला बाप्तिस्मा?"

"मेलेल्याला कसला बाप्तिस्मा? पाळकसायबांनीच प्रार्थना केली."

"मग माझा?"

"ती मंडळीतली पहिली घरं, बाय. आपण मिठागरातली. मागनं आलेली."

मी झाडू टाकला. तिथेच खाली बसले. विश्वासाचा प्रश्न कधी नव्हताच. घर कोणाचं, एवढंच होतं.

नंतर मुलगी झाली. पाळकसाहेब स्वतः घरी आले. चहा प्यायले. "या वेळी उशीर नको," म्हणाले. रविवार ठरला.

देऊळ, म्हणजे आमचं चर्च, भरलेलं. मला पुढे उभं केलं. पाळकसाहेबांनी पाण्यात बोटं बुडवली.

"बाळाचं नाव काय?"

मी म्हणाले, "आधी हिच्या भावाला कबरस्तानात घ्या. पंचांचा नातू आहे ना तिथे? त्याचा बाप्तिस्मा कधी झाला?"

पंच ओरडले, "बसवा तिला खाली! वाडीवरची माणसं. देवळात कसं वागायचं ते कळत नाही."

नवऱ्याने पदर ओढला. "बस कर. आपल्याला इथंच ऱ्हायाचंय."

मी पदर सोडवला. मुलीला उचलून मधल्या वाटेने बाहेर पडले. कोणी उठलं नाही. सासूसुद्धा नाही.

माझं प्रभुभोजन, देवळातली भाकर आणि द्राक्षारस, बंद झालं. नवरा कामापुरतं बोलतो. रविवारी तो एकटाच देवळात जातो. येशूला मी सोडलेलं नाही. ह्या मंडळीला सोडलंय.

मुलगी आता धरून धरून चालते. मोठी झाली की तिला बांधावर नेऊन भाऊ दाखवणार. कोणी अडवलं, का अडवलं, नावानिशी सांगणार. मग बाप्तिस्मा घ्यायचा का, कुठल्या मंडळीत घ्यायचा, तिचं ती ठरवेल. तोवर तिच्या कपाळाला कोणी हात लावायचा नाही. तिच्या बापानेसुद्धा.